शंखी गोगलगायीची स्मरणशक्ती

2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागात सोयाबीनची कोवळी रोपं रातोरात फस्त झाली. अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली. मराठवाड्यात शंखी गोगलगाय ओळखली जाते ती अशी, पिकाची वैरीण म्हणून. मेंदूच्या अभ्यासकांनी मात्र याच कुळाकडून स्मरणशक्तीचे धडे घेतले आहेत.

माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात. गोगलगायीचा समुद्रातला नातलग, ‘समुद्री ससा’, अवघ्या वीसेक हजार पेशींवर संसार चालवतो. त्यातल्या काही इतक्या मोठ्या, की नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि प्रत्येक प्राण्यात ठरल्या जागी सापडतात. व्हिएन्नात जन्मलेले अमेरिकी शास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी म्हणूनच हा प्राणी निवडला.

त्याच्या श्वसननळीला हलकासा स्पर्श केला, की तो कल्ला आत ओढून घेतो. पुन्हा पुन्हा स्पर्श केला तर सरावतो आणि दुर्लक्ष करू लागतो. शेपटीला विजेचा सौम्य झटका बसला, तर मात्र साध्या स्पर्शानेही जोरात आक्रसतो. एका झटक्याची आठवण काही मिनिटं टिकते. तेच झटके चार दिवस देत राहिलं, तर ती आठवडे टिकते.

हा फरक येतो कुठून? झटका बसताच सेरोटोनिन हे रसायन पाझरतं आणि दोन पेशींमधला सांधा तात्पुरता बळकट होतो. शिकवणी लांबली, की पेशीतली जनुकं जागी होतात, नवी प्रथिनं बनतात आणि नवे सांधे फुटतात. क्रेग बेली आणि मेरी चेन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी केली, तेव्हा शिकलेल्या प्राण्यात ते जवळपास दुप्पट भरले. टिकाऊ आठवण म्हणजे शरीरात झालेली ही खरीखुरी वाढ. 2000 साली कँडेल नोबेलचे मानकरी ठरले.

छत्रपती संभाजीनगरलाही अशा कणा नसलेल्या प्राण्यांच्या चेतासंस्थेच्या अभ्यासाची परंपरा आहे. 1958 साली स्थापन झालेल्या इथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात प्रा. आर. नागभूषणम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेकडे, शिंपले यांच्या चेतास्रावी पेशींवर दीर्घकाळ काम केलं. या पेशी संदेश तर देतातच, शिवाय संप्रेरकंही सोडतात. प्रजननासारख्या क्रियांवर त्यांचा प्रभाव असतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शहरात हे संशोधन रुजलं, याचं मोल मोठं आहे.

आणि शिवारातली शंखी गोगलगाय? 1977 साली क्रोल आणि चेस या संशोधकांनी दाखवून दिलं, की ती खाल्लेल्या अन्नाचा वास दीर्घकाळ लक्षात ठेवते. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट बांधावर टाकून तिला गोळा करण्याचा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. रात्री त्या गोणपाटाकडे सरकत येते, ती या तल्लख नाकाच्याच भरवशावर.