यूएसबी टाइप-सी : केबल व उपकरण यांतील विसंगती आणि दोषशोधन

गोषवारा :
यूएसबी टाइप-सी जोडणीमुळे चार्जिंग, माहितीचे वहन आणि दृश्यप्रक्षेपण ही तिन्ही कामे एकाच तोंडाच्या केबलने करणे शक्य झाले. तथापि, तोंड सारखे असले तरी प्रत्येक केबलची क्षमता सारखी नसते. या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने सुस्थितीतील उपकरणही नादुरुस्त समजले जाते. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणे स्पष्ट करून दोषशोधनाची एक सोपी पद्धत मांडली आहे.

बीजसंज्ञा : टाइप-सी, पॉवर डिलिव्हरी, ई-मार्कर, दोषशोधन

प्रस्तावना :
चर्चासत्राची वेळ झालेली असते, लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असतो आणि पडद्यावर काहीच उमटत नाही. हा अनुभव आज बहुतेक प्राध्यापकांना परिचित आहे. अशा वेळी दोष लॅपटॉपला दिला जातो. प्रसंगी तो दुरुस्तीलाही पाठविला जातो. प्रत्यक्षात अनेकदा दोष हाताशी असलेल्या केबलच्या निवडीत असतो.

टाइप-सीचे तांत्रिक मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय मानक ब्यूरोने या जोडणीसाठी आयएस/आयईसी ६२६८०-१-३ : २०२२ हे मानक स्वीकारले आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइल फोनसह अनेक उपकरणांना टाइप-सी पोर्ट बंधनकारक केले. यामुळे तोंडाच्या आकाराचा प्रश्न सुटला. क्षमतेचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

आकार आणि क्षमता :
टाइप-सी हे केवळ जोडणीच्या आकाराचे नाव आहे. या जोडणीत एकूण २४ पिनांची योजना असली, तरी प्रत्येक केबलमध्ये सर्व तारा असतातच असे नाही. फोनबरोबर मिळणाऱ्या अनेक केबल केवळ यूएसबी २.० दर्जाच्या असतात. त्यांचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट इतका असतो. याच आकाराच्या अन्य केबल सेकंदाला ५, १०, २० किंवा ४० गिगाबिट, तर २०२२ च्या सुधारित मानकानुसार ८० गिगाबिट वेग देऊ शकतात. २० गिगाबाइटचे ध्वनिचित्रमुद्रण पहिल्या प्रकारच्या केबलने पाठविण्यास किमान साडेपाच मिनिटे लागतात. ५ गिगाबिटच्या केबलने तेच काम, दोन्ही बाजूंची उपकरणे तितकी वेगवान असल्यास, एका मिनिटाच्या आत होऊ शकते.

शक्तीच्या बाबतीतही असाच भेद आहे. सामान्य टाइप-सी केबल ३ अँपिअर प्रवाह वाहून नेते. २० व्होल्ट दाबाला ही मर्यादा ६० वॅट होते. त्याहून अधिक प्रवाहासाठी केबलमध्ये ई-मार्कर नावाची चिप असावी लागते. ही चिप केबलची क्षमता चार्जरला कळविते. चिप नसल्यास १०० वॅटचा चार्जरही ६० वॅटपुढे जात नाही. २०२१ च्या सुधारणेनुसार पॉवर डिलिव्हरीची कमाल मर्यादा २४० वॅट झाली आहे.

जोडणीपूर्वीचा संवाद :
टाइप-सी चार्जर केबल लावताच वीज सोडत नाही. समोरील उपकरणात ५.१ किलो-ओहमचा रोधक आहे, हे संवादासाठी राखून ठेवलेल्या पिनेवर आढळल्यानंतरच तो ५ व्होल्टचा पुरवठा सुरू करतो. काही स्वस्त उपकरणांत हा रोधक बसविलेलाच नसतो. अशी उपकरणे जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरवर चार्ज होतात. परंतु दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने होत नाहीत. चौकोनी पोर्टवर ५ व्होल्ट कायम उपलब्ध असतात, हे त्याचे कारण होय.

२०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाचे उदाहरण येथे बोधप्रद आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत दोन पिनांसाठी दोन स्वतंत्र रोधकांऐवजी एकच सामाईक रोधक वापरला होता. परिणामी साध्या केबलने तो चालत असे. परंतु ई-मार्कर असलेली उत्तम केबल लावल्यास चार्जर त्याला ध्वनी-उपकरण समजून वीज देत नसे. पुढील आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली. महाग केबल प्रत्येक वेळी उपयोगी पडतेच असे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

सदोष केबलने प्रत्यक्ष हानीही होऊ शकते. गुगलमधील अभियंता बेन्सन लेउंग यांनी बाजारातील केबलची पद्धतशीर तपासणी केली होती. २०१६ मध्ये तारा चुकीच्या जोडलेल्या एका केबलमुळे त्यांचा लॅपटॉप आणि तपासणीची उपकरणे निकामी झाली.

दोषशोधनाची पद्धत :
चार्जर अथवा पोर्ट, केबल, कन्व्हर्टर आणि उपकरण या घटकांपैकी एका वेळी एकच बदलावा, हा मूलभूत नियम होय. सर्व घटक एकदम बदलल्यास दोष दूर झाला तरी कारण कळत नाही.

१. चार्जिंग मुळीच होत नसल्यास प्रथम पोर्टमधील धूळ व धागे पाहावेत. उपकरण बंद करून लाकडी काडीने ते हलकेच काढावेत. नंतर चौकोनी तोंडाच्या चार्जरवर प्रयोग करावा. तेथे चार्जिंग होत असल्यास उपकरणातील रोधकाच्या अभावाची शंका घ्यावी.

२. चार्जिंग मंद असल्यास चार्जर आणि केबल या दोहोंवरील वॅटचा आकडा पाहावा. दोहोंपैकी लहान आकडा हीच प्रत्यक्ष मर्यादा असते.

३. माहितीचे वहन मंद असल्यास केबल यूएसबी २.० दर्जाची आहे का, ते तपासावे. केबल वेगवान असूनही पोर्ट मंद असू शकतो. आयफोन १५ च्या मूळ प्रतिकृतीचा पोर्ट ४८० मेगाबिटचा, तर १५ प्रोचा १० गिगाबिटचा आहे. मात्र प्रोबरोबर मिळणारी केबलही ४८० मेगाबिटचीच असते.

४. पडद्यावर दृश्य येत नसल्यास लॅपटॉपच्या त्या पोर्टला डिस्प्लेपोर्टची सोय आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. एकाच लॅपटॉपच्या दोन पोर्टांतही फरक असू शकतो. यूएसबी २.० केबलमध्ये या दृश्यवहनासाठी लागणाऱ्या तारा नसतात.

निष्कर्ष :
समान आकार म्हणजे समान क्षमता नव्हे, हे या विवेचनाचे सार होय. महाविद्यालयातील प्रत्येक विभागाने केबल खरेदी करताना वॅट व वेग यांची नोंद करावी आणि केबलवर तशी चिठ्ठी लावावी. सभागृहातील केबल व कन्व्हर्टर स्वतंत्र ठेवून कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तपासावेत. या अल्प दक्षतेने दुरुस्तीचा अनावश्यक खर्च टळेल, सुस्थितीतील साधने भंगारात जाणार नाहीत आणि विद्यार्थ्यांचा अध्यापनाचा वेळ वाया जाणार नाही.