लिंक पाठवलीय म्हणे... पण कुठे?

रात्रीचे साडेअकरा. फेलोशिपचा फॉर्म भरायला उरलाय फक्त अर्धा तास आणि पासवर्ड काही आठवेना! 'फरगॉट पासवर्ड'वर क्लिक केलं, जीमेलचा पत्ता टाकला. 'या पत्त्यावर अकाउंट असेल, तर लिंक पाठवली आहे,' साइट म्हणाली. इनबॉक्स मात्र ढिम्म. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. शेवटी बारा वाजले... घड्याळातही आणि माझेही!

दुसऱ्या दिवशी डेव्हलपर मैत्रिणीपुढे रडगाणं गायलं. ती म्हणाली, "अगं, ते 'असेल तर' वाचलंस का?" अकाउंट नसलं तरी साइट हेच सांगते. कुणाचं अकाउंट आहे, हे भलत्यासलत्याला कळू नये म्हणून. मग कुठे माझी ट्यूब पेटली. अकाउंट उघडलं होतं जुन्या ऑफिसच्या मेलवरून! नोकरी सोडली, तेव्हाच तो मेल बंद झाला होता.

तर मंडळी, तुमचाही मेल रुसला असेल, तर हे करून बघा.

आधी स्पॅम आणि प्रमोशन्स धुंडाळा. मेल खरंच त्याच साइटचा आहे, याची खूण म्हणजे एसपीएफ आणि डीकेआयएम. ती नसेल तर मेल स्पॅममध्ये जाऊ शकतो. दिवसाला ५,०००हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून या दोन्ही गोष्टी सक्तीच्या केल्यात.

बटण बडवत सुटू नका. बऱ्याच साइट्सवर नवी लिंक निघाली की जुनी बाद होते. पाच मेल आले, तर शेवटचाच उघडा आणि लगेच उघडा. लिंकला मुदत असते.

ऑफिसच्या मेलवर पहिल्याच क्लिकला लिंक 'एक्स्पायर्ड' दिसतेय? कधीकधी सिक्युरिटी स्कॅनर ती तुमच्याआधी उघडून बघतो आणि एकदाच चालणारी लिंक वाया जाते. आयटीवाल्यांना सांगा.

आणि न मागताच रिसेटचा मेल आला, तर त्यातल्या लिंकला हात लावू नका!

पासवर्ड विसरला तर नवा मिळतो. पण तो ज्या इनबॉक्समध्ये मिळतो, तोच हातातून गेला तर? म्हणून आज लंच ब्रेकमध्ये बँक, पीएफ, इन्शुरन्स... कुठे कोणता मेल दिलाय, ते बघून घ्या. आणि नोकरी बदलताय? मग फेअरवेलचा केक कापण्याआधी मेल बदला!