संगीत नाटकाची साथ

युरोपातील ऑपेरा म्हटला, की रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत बसलेला वाद्यवृंद डोळ्यांपुढे येतो. कित्येक डझन वादक, प्रत्येकापुढे स्वरलिपीचे कागद आणि त्या सर्वांना छडीच्या इशाऱ्याने चालविणारा एक संचालक, असा तो थाट असतो. दिल्लीतील सरोजिनी नगरासारख्या सरकारी वसाहतीत नाना प्रांतांची माणसे शेजारी म्हणून एकत्र आली. अशा एखाद्या परप्रांतीय शेजाऱ्याने ‘तुमच्या संगीत नाटकाचा वाद्यवृंद केवढा?’ असे विचारले, तर मराठी माणसाला ‘तिघांचा’ एवढेच उत्तर द्यावे लागेल. हे उत्तर ऐकायला दरिद्री वाटते. परंतु त्यामागे एक निश्चित कारण आहे.

सन १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले, तेव्हा गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधाराकडे होता. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि पदे त्या त्या पात्राच्याच मुखी घातली. पुढे १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाच्या चाली दिल्या व गायक नटाला विस्ताराची वाट मोकळी झाली. आता तेच पद आज पाच मिनिटे चालेल, तर उद्या ‘वन्स मोअर’ पडून पंधरा मिनिटे. जे गाणे रंगमंचावर त्या क्षणी घडते, ते आधी कागदावर कसे उतरवावे? पन्नास वादकांना अशा गायकाच्या मागोमाग जाता येणार नाही, तिघांना येते.

१९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीत ही साथ पूर्णत्वास पोहोचली. ऑर्गनवर कांबळे, हरिभाऊ देशपांडे यांच्यासारखे वादक, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा यांनी बालगंधर्वांना साथ केली. प्रत्येक वाद्याचे काम वेगळे होते. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात ऑर्गनचा अखंड, भरदार स्वर नाट्यगृह भारून टाकी व गायकाला आधार देई. पण त्याचे स्वर सुटेसुटे. त्यावर मींड निघत नाही. ती उणीव सारंगी भरून काढी. तबला लय सांभाळी, आणि नट पुन्हा संवादाकडे वळला की अदबीने थांबे.

१९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकाने वारे बदलले. पदे मोजकी झाली आणि केशवराव भोळ्यांनी संगीताला प्रसंगाच्या भावनेशी बांधले. पुढचा आघात नभोवाणीचा. १९४० मध्ये तिने हार्मोनियमला आपल्या केंद्रांतून वर्ज्य केले. ज्या पेटीच्या आधारावर नाट्यपद वाढले, तिच्याविना ते श्रोत्यांच्या घरी पोहोचू लागले. १९७१ पासून हे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल झाले, तोवर तीन दशके लोटली होती. दरम्यान १९५२ साली दिल्लीत आकाशवाणीचा ‘वाद्यवृंद’ उभा राहिला. रविशंकर आणि टी. के. जयराम अय्यर यांनी त्याची धुरा वाहिली. रागांवर आधारलेल्या रचना अनेक वाद्यांनी मिळून वाजवाव्यात, हा तो प्रयोग. त्यात रचना आधी ठरते आणि वादक तिच्या आज्ञेत राहतो. नाटकातील साथीदार मात्र गायकाच्या श्वासाकडे पाहून वाजवितो. दोन्ही कला खऱ्या. पण एकीची कसोटी दुसरीला लावणे अन्यायाचे होईल.

जितेंद्र अभिषेकींनी हा भेद नेमका ओळखला. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांत त्यांनी पदे आटोपशीर केली, चालींना नवे वळण दिले; तरी गायकाच्या स्वातंत्र्याला जागा ठेवली व साथ रंगमंचाजवळ जिवंतच राहिली.

आज सोयीसाठी आधी मुद्रित केलेले संगीत वापरण्याचा मोह कोणत्याही संस्थेला होऊ शकतो. मुद्रित साथ चुकत नाही, मानधन मागत नाही; पण ती थांबतही नाही. गायकाला एक तान अधिक घ्यावीशी वाटली, तर त्याने ती गिळून टाकावी लागते. ऑपेराचा वाद्यवृंद उद्या विखुरला, तरी त्याचे कागद उरतील. आपल्या साथीचे कागदच नाहीत. ती वादकाच्या हातात आणि कानात आहे, आणि शिष्याला शेजारी बसवूनच ती पुढे जाते. म्हणून संगीत नाटक जपावयाचे, तर नटाबरोबर त्याच्या साथीदारांच्या विद्येचीही तजवीज केली पाहिजे.