डायलिसिसचं पथ्य आणि कोकणातला उन्हाळा

डायलिसिसवर असलेलं माणूस मे महिन्यात कोकणात गावी पोचलं, की अंगणातच कुणीतरी शहाळं सोलून हातात देतं. ‘उन्हातून आलात, आधी हे घ्या. नैसर्गिकच आहे, याने काय होणार?’ देणाऱ्याच्या मनात माया असते, म्हणून नाही म्हणणं जड जातं. तरीही नाही म्हणायलाच हवं.

शहाळ्याच्या 100 मिलिलिटर पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. एका शहाळ्यातून 300-400 मिलिलिटर पाणी निघतं, म्हणजे 750 ते 1000 मिलिग्रॅम झालं. डायलिसिसच्या रुग्णाला दिवसभराच्या सगळ्या खाण्यापिण्यातून बहुधा 2000 ते 3000 मिलिग्रॅमचीच मुभा असते. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकणं हे किडनीचं काम. तीच थकली की ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. पुष्कळदा त्याआधी काहीच जाणवत नाही. त्यामुळे ‘घोटभर घेऊन बघू, त्रास झाला तर थांबू’ हे इथे चालत नाही.

फळांच्या बाबतीत तर भीती आणि धोका यांची जागाच उलटलेली दिसते. हापूसकडे सगळे संशयाने बघतात, कारण तो गोड. मधुमेह असेल तर ते बरोबरही आहे. पण 100 ग्रॅम आंब्यात पोटॅशियम साधारण 170 मिलिग्रॅम, तर तेवढ्याच फणसाच्या गऱ्यांत 450 मिलिग्रॅमच्या आसपास. आहारतज्ज्ञाला विचारून आंब्याची एखादी फोड बसवता येते. गप्पांच्या नादात ताटभर गरे संपतात, ते मात्र महागात पडतं. आणि करंबळ, म्हणजे ते पंचकोनी आंबट फळ, मीठ-तिखट लावून एक फोडसुद्धा नको. त्यात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं, मेंदूवर परिणाम करणारं विष असतं. ब्राझीलच्या संशोधकांनी 2013 मध्ये ते वेगळं करून दाखवलं. निरोगी माणसाची किडनी ते बाहेर टाकते. किडनीच्या रुग्णाला मात्र न थांबणारी उचकी लागते, भ्रम होतो, झटके येतात. यात मृत्यूही झाले आहेत. करंबळ खाल्ल्यावर उचकी लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

‘आमच्याकडे लो-सोडियम मीठ वापरतात, तुम्हाला चालेल’ असं यजमान आनंदाने सांगतात. त्या मिठात सोडियम कमी केलेलं असतं आणि त्याच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये अशा मिठाची शिफारस केली, तीही किडनीच्या रुग्णांना स्पष्टपणे वगळून. सैंधवही औषधी नव्हे, ते बहुतांशी साधं सोडियम क्लोराइडच आहे. साधं मीठ कमी वापरणं, एवढाच मार्ग उरतो.

पाण्याविषयीचा समज सगळ्यांत घट्ट आहे: भरपूर पाणी प्या, किडनी साफ होते. लघवी जवळपास थांबलेल्या रुग्णाच्या शरीरात ते पाणी राहतं, पाय सुजतात, फुप्फुसात पाणी जाऊन धाप लागते. चहा, ताक, पेज, आमटी, बर्फ, कलिंगड हे सगळं पाण्याच्याच हिशेबात धरायचं. तहान वाढवतं ते मीठ. म्हणून एसटीत फरसाणचा पुडा आणि जेवताना लोणचं-पापड टाळलं, तर पाण्यावरचा ताबा आपोआप सोपा होतो.

आता उलट बाजू. ‘किडनीचा त्रास आहे ना, मग डाळ, अंडं, मासे बंद’ असं म्हणून पाहुण्याला नुसता वरणाच्या पाण्याबरोबर भात वाढतात. डायलिसिस सुरू होण्याआधी प्रथिनं मर्यादित ठेवतात, हे खरं. पण डायलिसिसमध्ये प्रथिनांचे घटक वाहून जातात, त्यामुळे ते सुरू झाल्यावर गरज वाढते: वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 ते 1.2 ग्रॅम. 60 किलोच्या माणसाला 60 ते 72 ग्रॅम. ताजा मासा, अंड्याचा पांढरा भाग त्याला हवाच आहे. खारवलेली सुकट नको. उपाशीपोटी परतणारे रुग्ण कमजोर होतात, आणि पथ्याच्या नावाखाली हे होताना पाहून मला फार वाईट वाटतं. मात्र किडनीचा आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल किंवा प्रत्यारोपण झालं असेल, तर पथ्य वेगळं असतं. शेजारच्या रुग्णाचा आहारतक्ता उचलून चालत नाही.

अन्नातला फॉस्फरस अडवणाऱ्या गोळ्या दिल्या असतील तर त्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात, तासाभराने घेऊन उपयोग नाही. त्या डिकीतल्या बॅगेत नकोत, खिशात हव्यात. कोला पेयांत फॉस्फोरिक आम्ल असतं, तेव्हा वाटेत थांबल्यावर ती बाटली उघडू नये.

आणि ‘डायलिसिस लागलं म्हणजे गाव सुटलं’ हेही खरं नाही. 2016 मध्ये जाहीर झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत ही सोय उभी राहिली, खासगी केंद्रंही आहेत. जिथे जायचं तिथल्या केंद्राशी आधीच बोलून दिवस आणि वेळ पक्की करावी. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे अहवाल, कोरडं वजन (जास्तीचं पाणी काढल्यानंतरचं वजन), औषधांची यादी आणि अलीकडच्या डायलिसिसच्या नोंदी सोबत न्याव्यात. आठवड्यातल्या तीन वेळांपैकी एकही प्रवासासाठी गाळू नये. दोन डायलिसिसमधलं सर्वांत मोठं अंतर सरत येतं तेव्हा धोका जास्त असतो, त्यामुळे लांबचा प्रवास शक्यतो डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी ठेवावा.