उच्च रक्तदाब : संथ श्वसन गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे

उच्च रक्तदाब जडलेल्या अनेकांना त्याची जाणीवच नसते. कोणताही त्रास जाणवत नसताना मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे यांची हानी मात्र सुरू राहते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे २४ टक्के पुरुष आणि २१ टक्के स्त्रिया रक्तदाब वाढलेले किंवा त्यासाठी औषध घेणारे आढळले. औषधाच्या जोडीला संथ श्वसन कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगक्रियांचे शरीरावरील परिणाम उपकरणांनी मोजून पाहण्याचा पायंडा तेथे पडला.

प्रौढ व्यक्ती विश्रांतीच्या वेळी मिनिटाला साधारणपणे १२ ते २० श्वास घेते. ही गती सहावर आणल्यास मानेतील व महाधमनीतील दाबसंवेदी चेताग्रे अधिक तत्पर होतात. त्यांच्या संदेशामुळे हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. २००५ साली इटलीतील संशोधकांनी २० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात अशा श्वसनाच्या वेळी वरचा रक्तदाब सरासरी सुमारे १५० वरून १४१ वर आला. तथापि, हा तात्कालिक परिणाम होता. दीर्घकालीन चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

सरावाची पद्धत सोपी आहे. पाठ ताठ ठेवून खुर्चीवर किंवा मांडी घालून बसावे. नाकाने चार सेकंद श्वास आत घ्यावा आणि सहा सेकंदांत सावकाश सोडावा. प्रारंभी पाच मिनिटे व पुढे पंधरा मिनिटांपर्यंत हा सराव रोज करावा. श्वास रोखून धरणे आणि भस्त्रिकेसारखे वेगवान प्रकार उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनी टाळावेत. चक्कर आल्यास सराव थांबवावा.

सरावानंतर आकडा उतरलेला दिसला, की काही जण गोळ्या स्वतःहून बंद करतात. हीच खरी धोक्याची बाब आहे. औषध अचानक थांबविल्याने दाब पुन्हा उसळून पक्षाघाताचा धोका वाढू शकतो. त्यामुळे घरी घेतलेल्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात आणि औषधाची मात्रा त्यांनीच ठरवावी.