पोखर्णीचे पर्जन्यजल आणि घरगुती साठवणीचे गणित

परभणी-गंगाखेड मार्गावरील पोखर्णी हे गाव नृसिंहाच्या देवस्थानामुळे सर्वपरिचित आहे. संस्कृतातील ‘पुष्करिणी’ या शब्दाचे ‘पोक्खरणी’ हे पाली रूप आणि या गावाचे नाव यांतील ध्वनिसाम्य सहज लक्षात यावे असे आहे. ज्या प्रदेशात जलाशयवाचक शब्दाशी इतके जवळचे नाव गावाला लाभते, त्याच प्रदेशात उन्हाळा लागताच पाण्यासाठी वणवण करावी लागावी, ही विसंगती अभ्यासकाने विचारात घेण्याजोगी आहे.

या विसंगतीचे कारण केवळ पावसाच्या न्यूनतेत शोधणे युक्त ठरणार नाही. परभणी परिसरात सर्वसाधारण वर्षी सुमारे ८०० मिलिमीटर वा त्याहून काहीसा अधिक पाऊस पडतो. परंतु त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्याच दिवसांत कोसळतो. वरची काळी माती भिजून फुगली की तिच्या भेगा मिटतात व पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. खाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः झिजलेल्या मुरमात आणि सांध्याभेगांत. हे भांडार मर्यादित असल्याने आड व विहिरी पावसाळ्यात लवकर भरतात आणि पुढे तितक्याच लवकर तळ गाठतात. पूर्वजांनी बारवा बांधल्या त्या याच भूमीत. सेलू तालुक्यातील वालूर येथील चक्राकार बारव हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

आता एका घराचा हिशेब पाहू. पत्र्याचे किंवा सिमेंटचे ५० चौरस मीटर छप्पर घेतले, वर्षाचा पाऊस ८०० मिलिमीटर धरला आणि उडून वा ओघळून जाणारा पाचवा हिस्सा वजा केला, तर ३२,००० लिटर पाणी हाती येते. जुन्या धाब्याच्या घरांवरून मिळणारे पाणी याहून कमी व गढूळ असते; म्हणून पिण्यासाठी त्याचा विचार येथे केलेला नाही.

पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यास व स्वयंपाकास माणशी १० लिटर, म्हणजे दररोज ५० लिटर पाणी लागते. ऑक्टोबर ते मे या २४३ दिवसांची गरज सुमारे १२,००० लिटर होते. अडीच मीटर व्यासाचे व अडीच मीटर खोलीचे गोल टाके ही गरज भागविते. या मापाचा एक व्यावहारिक गुण विशेष उल्लेखनीय आहे. अशा टाक्यात एक सेंटिमीटर उंचीचे पाणी म्हणजे ४९ लिटर, अर्थात कुटुंबाची जवळजवळ एका दिवसाची गरज. टाक्यात सोडलेली सेंटिमीटरची मोजपट्टी हेच घराचे पाण्याचे पंचांग ठरते.

या पंचांगाचे खरे मोल अवर्षणात कळते. पाऊस निम्मा, म्हणजे ४०० मिलिमीटर झाला, तर छपरावरून १६,००० लिटरच मिळतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांतील सुमारे ६,१०० लिटर खर्च वजा जाता ऑक्टोबरच्या आरंभी ९,९०० लिटर उरतात. रोज ५० लिटरप्रमाणे हा साठा एप्रिलच्या मध्यासच संपतो. मात्र त्याच दिवशी माणशी ८ लिटरांचा नियम केला, तर तो मेअखेरपर्यंत पुरतो. एप्रिलमध्ये केलेली काटकसर निरुपयोगी. ती ऑक्टोबरातच करावयास हवी. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, या घटनेतील बोधही हाच आहे.

परसबागेचा प्रश्न याहून कठीण आहे. ४० चौरस मीटर भाजीपाल्याला दररोज ४ मिलिमीटर पाणी दिले तरी १६० लिटर लागतात, म्हणजे कुटुंबाच्या पिण्याच्या तिपटीहून अधिक. सबब टाक्यातील पाणी बागेस देऊ नये. बागेस धुण्याभांड्याचे सांडपाणी द्यावे. त्याखेरीज जमिनीतील ओल हा बागेचा सर्वांत स्वस्त साठा होय. काळ्या मातीचा एक मीटर थर पिकास उपलब्ध असे सुमारे १५० मिलिमीटर पाणी धरून ठेवतो. ४० चौरस मीटरांत ते ६,००० लिटर भरते. वाफ्यांना बांध घालून छपराचे जादा पाणी तेथे वळवावे आणि भेगा पडण्यापूर्वी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, इतकेच त्यासाठी पुरेसे आहे. उघडे तळे मात्र घरगुती मापावर परवडत नाही. कडक उन्हाळ्यात दिवसाला १० मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तर १०० चौरस मीटर पृष्ठभागावरून रोज १,००० लिटर उडून जातात. वरील कुटुंबाचे ते वीस दिवसांचे पिण्याचे पाणी होय.

बांधणीत दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यास सर्व श्रम वाया जातात. पहिली, काळ्या मातीचे आकुंचन-प्रसरण. टाके मुरमावर टेकवून भोवती मुरूम भरला नाही, तर भिंतीस तडे जातात. दुसरी, छपराची धूळ व पक्ष्यांची विष्ठा. पहिल्या पावसाचे किमान दोन मिलिमीटर, म्हणजे १०० लिटर पाणी, बाजूस सोडावे. नंतरचे खडी व वाळूच्या गाळणीतून आत घ्यावे. टाके झाकलेले व अंधारे असावे, म्हणजे शेवाळ वाढत नाही. तोंडास बारीक जाळी असावी, म्हणजे डासांना थारा मिळत नाही. पिण्यापूर्वी पाणी उकळणे वा निर्जंतुक करणे इष्ट.

टाके व परसबाग भागवून उरलेले पाणी गाळून आडात सोडता येते. तथापि येथे एक तत्त्वाचा प्रश्न उद्भवतो. टाक्यातले पाणी घराचे असते; आडात सोडलेले पाणी खडकाच्या सांध्यांतून शेजाऱ्याच्या विंधनविहिरीकडेही जाते. एका घराने पुनर्भरण करावे आणि दुसऱ्याने खोल उपसा करावा, अशी स्थिती असेल तर पहिल्याचा उत्साह फार काळ टिकणे शक्य नाही. म्हणून साठवण ही घराची बाब असली तरी पुनर्भरण ही गावाची बाब आहे, आणि उपशाच्या मर्यादेवाचून तिला अर्थ उरत नाही. बारव सर्वांची होती, तिचा गाळही सर्वांनी मिळून काढावयाचा होता. सिमेंटचे टाके ही तिची जागा घेणारी वस्तू नसून तिला पूरक अशी वस्तू आहे, हे ध्यानी घेतले तरच घरोघरच्या हिशेबातून गावाचे पाणी उभे राहील.