मोठा मासा गळाला लागला!

‘मोठा मासा गळाला लागला’ हा वाक्प्रचार ज्या घरांचा उंबरठा मासळीने कधी ओलांडला नाही, त्या घरांतही सर्रास चालतो. वकिलास सधन अशील मिळो, दुकानदारास ठोक गिऱ्हाईक मिळो, की वरपित्यास श्रीमंत व्याही मिळो. आपण हेच म्हणतो. सारे बळ ‘मोठा’ ह्या एका विशेषणात आहे. परंतु ज्यांच्या गळाला खरोखरीच मासा लागतो, त्यांच्या मनावर ह्या विशेषणाची सत्ता किती चालते आणि त्या सत्तेचा परिणाम काय होतो, ही हकीकत फार थोड्यांस ठाऊक असते. ती मनोरंजक आहे, आणि काहीशी खेदकारकही आहे.

गळ टाकून बसण्याचा छंद साहेबाने आणला, असा आपल्याकडे समज आहे. तो खरा नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने १२ व्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ ह्या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणास कोणते खाद्य आवडते, गळ, दोरी व काठी कशी असावी, ह्या सर्वांचा विचार त्यात केलेला आढळतो. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण. आपल्या धाराशिव जिल्ह्यातील उमरग्याहून ते फार दूर नाही, आणि हा मुलूखही त्या काळी त्याच राजघराण्याच्या अमलाखाली होता. तेव्हा हा विषय आपल्या वेशीबाहेरचा आहे, असे कोणी म्हणू नये. ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, त्या राजाला नुसता मासा पुरेसा वाटला नाही. माशाचे नाव, वसतिस्थान व आहार ठाऊक असणे हाही त्याच्या विनोदाचाच भाग होता.

आता अर्वाचीन काळाकडे वळू. युरोपात ट्राऊट नावाचा मासा गळाच्या शौकिनांचा फार लाडका. थंड, वाहत्या पाण्यातला, चपळ आणि अत्यंत सावध असा हा मासा. त्यास फसविणे ही मोठी विद्या मानली जाते. हे शौकीन जेथे जेथे गेले, तेथे तेथे त्यांनी त्यास बरोबर नेले. काश्मिरात त्याची अंडी इ. स. १९०० मध्ये आणून रुजविण्यात आली. न्यूझीलंडातही तो असाच १९ व्या शतकात गेला. आणि तेथे इ. स. २०२० मध्ये एका कालव्यात धरलेला तपकिरी ट्राऊट ४४ पौंड ५ औंस, म्हणजे सुमारे २० किलो भरला. तो जागतिक विक्रम ठरला. पण ह्या कालव्यात सामन माशांच्या पाळीव पिंजऱ्यांतून सांडणारे आयते खाद्य मिळते, आणि त्यावर तेथील ट्राऊट पुष्ट होतात. पंगतीबाहेर बसून पंगतीतल्यांपेक्षा जास्त जेवणारा पाहुणा आपण पाहिलेला असतो. त्यातलाच हा प्रकार! तथापि तराजू एवढेच सांगतो की वजन किती. ते कसे आले, हे तराजूस विचारता येत नाही.

हिंदुस्थानात ट्राऊटच्या जागी महसीर होता. मद्रास इलाख्यातील एक मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस ह्यांनी इ. स. १८७३ मध्ये हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर जे पुस्तक लिहिले, त्यात महसीराची योग्यता विलायतेच्या सामनापेक्षाही वरची ठरविली. तेव्हापासून कावेरी व तिच्या उपनद्यांवर शौकिनांची रीघ लागली. इ. स. १९४६ मध्ये म्हैसूरचे व्हॅन इंगेन ह्यांनी कबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर धरला. एका प्रौढ माणसाएवढा मासा एका दोरीवर! ह्या आकड्याने पुढील पिढ्यांतील शौकिनांची झोप उडविली, ह्यात नवल ते काय?

परंतु नवलाची गोष्ट निराळीच आहे. पाठीवर उंचवटा असलेल्या ह्या महाकाय माशाची छायाचित्रे निघाली, वजने नोंदली गेली, पण शास्त्रीयदृष्ट्या हा महसीर नक्की कोणता, ह्याचा निर्णय कित्येक दशके कोणी केलाच नाही. सर्वांनी वजन पुसले. कुळ कोणी पुसले नाही.

ह्या कथेत आता आपला महाराष्ट्र येतो. आपल्या कृष्णा-भीमेच्या खोऱ्यात दुसऱ्या कुळीचा महसीर राहतो. कर्नल साइक्स ह्यांनी पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यावरून इ. स. १८३९ मध्ये त्यास ‘खुद्री’ हे नाव दिले. धरणे झाली आणि हा मासा विरळ होऊ लागला, तेव्हा मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी ह्यांच्या अभ्यासाच्या आधारे लोणावळ्यास टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर १९७० नंतरच्या काळात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. माद्यांची अंडी हलक्या हाताने काढून, ती फळवून, पिले वाढविण्याचे हे काम चिकाटीचे होते आणि स्तुत्यही होते. ती पिले अनेक प्रांतांत वाटली गेली. कावेरीतील महसीर कमी झाले, अशी हाकाटी होती. म्हणून तेथील शौकिनांनी सद्हेतूने ती कावेरीतही सोडली. महसीर कमी, तर महसीर सोडा. हिशेब सरळ दिसत होता.

हा हिशेब कोठे चुकला, ते उघडकीस आणले शौकिनांच्याच वह्यांनी. कावेरीवरील शिबिरांत मासा धरून, मोजून, पुन्हा जिवंत सोडून देण्याचा व त्याची नोंद ठेवण्याचा नियम होता. १९९८ ते २०१२ ह्या काळातील नोंदी शास्त्रज्ञांनी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण महसीर वाढत होते. पण ते बाहेरून आलेले निळसर परांचे होते. मूळचा उंचवट्याचा महसीर झपाट्याने घटत चालला होता. वाढत्या बेरजेखाली एक वंश बुडत होता, आणि बेरीज पाहणारास ते दिसत नव्हते. अखेर २०१८ मध्ये ह्या माशाची ओळख पटली. केरळातील पांबार नदीत सापडलेल्या नमुन्यांवरून आधीच ज्यास ‘टॉर रेमादेवी’ हे नाव मिळाले होते, तोच हा. त्याच वर्षी जागतिक यादीत त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ ह्या वर्गात झाली. नाव कळले, आणि त्यासरशी ते मृत्युशय्येवरील रोग्याच्या कागदावर चढले!

ह्याचे सारे खापर लोणावळ्याच्या पिलांवर फोडणे अन्यायाचे होईल. धरणे, वाळूचा उपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी, आटलेले पाणी, ही कारणेही आहेतच. शौकिनांस दोष देणेही एकांगी ठरेल. त्यांनी वह्या प्रामाणिकपणे लिहिल्या नसत्या, तर हे संकट कोणास कळलेही नसते. दोष ‘किती’ ह्याच प्रश्नावर थांबण्याच्या वृत्तीचा आहे. शाळेत आपण मुलाचे गुण विचारतो, त्यास काय समजले हे विचारीत नाही. त्याच वृत्तीचे हे दुसरे रूप.

ह्याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. वरदायिनी देवीचा तो डोह. त्यातील महसीर देवीचे मानले जातात, म्हणून त्यांस कोणी धरीत नाही. भाविक त्यांस खाऊ घालतात आणि परत जातात. तेथे वजनाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्या धाराशिवात अशा बारमाही नद्या नाहीत. सीना व बोरी भीमेस मिळतात, तेरणा मांजरेस. आणि उन्हाळ्यात त्यांची पात्रे कोरडी पडतात. आपल्या तलावांत बीज सोडले जाते ते बहुधा कटला-रोहूचे, म्हणजे मूळच्या उत्तरेकडील नद्यांतल्या माशांचे. त्यावर अनेकांचे पोट चालते. ते बंद करा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण बीज सोडण्यापूर्वी ह्या ओढ्यात आधी कोण राहत होते, एवढे तरी विचारले जावे. त्याचे उत्तर पुस्तकांत क्वचितच सापडेल. ते आहे आपल्या गावच्या वृद्ध भोई-कोळ्यांच्या तोंडी. त्यांच्याबरोबर ती नावे नाहीशी होण्याच्या आत घरातील एखाद्या मुलाने वही घेऊन त्यांच्यापाशी जावे आणि लहानमोठ्या सर्व माशांची नावे उतरून घ्यावीत. त्यासाठी मत्स्याहारी असण्याची मुळीच आवश्यकता नाही.